दोन ते चारची घरघर

जगात शांतता नांदावी असं म्हणणारी माणसं पुष्कळ भेटतात. पण ती शांतता स्वतःच्या हातांनी, स्क्रू ड्रायव्हर आणि जुन्या स्लिपरांचे तुकडे घेऊन घरात बसवायला निघालेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे माझ्या ताईचे यजमान, आमचे भावोजी. मुलुंड पूर्वेला एका जुन्या सोसायटीत, वन बीएचकेमध्ये ही दोघं राहतात. मी घाटकोपरला राहते, एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते आणि याद्या करते. वाण्याची यादी, फोनची यादी, कोणाकडे काय द्यायचं राहिलंय त्याची यादी. काम यादीत लिहिलं की निम्मं झालं असं माझं मत आहे. भावोजी याद्या करत नाहीत. ते एकच काम हातात घेतात आणि त्या कामाची शुद्ध हरपेपर्यंत त्याला सोडत नाहीत. त्यामुळे आमचं एकमेकांशी फार छान जमतं, म्हणजे मी सांगते आणि ते ऐकत नाहीत.

घरातला आवाज हा त्यांचा जुना वैरी. घराबाहेरच्या आवाजाचं त्यांना काही नाही. समोरची बिल्डिंग पाडून तिथे टॉवर उठतोय, त्याचं ड्रिल सकाळपासून दात कोरल्यासारखं चालू असतं. खालून भंगारवाला ओरडत जातो. शेजारच्या गच्चीवर ढोलपथकाचा सराव असतो. भावोजी या सगळ्यात शांतपणे चहा पितात. "तो जगाचा आवाज आहे. त्याला आपण जबाबदार नाही. घरातला आवाज आपला," असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांच्या घरातल्या खुर्च्यांच्या पायांत त्यांचे स्वतःचे ऑफिसचे जुने मोजे आहेत. कॅलेंडर पंख्याने फडफडतं म्हणून त्याला कपड्यांचे चिमटे लावलेत. ताटं एकमेकांवर आपटतात म्हणून दर दोन ताटांमध्ये वर्तमानपत्राची घडी असते, आणि आपण जेवायला बसलो की ताटाला चिकटलेलं राशिभविष्य आधी काढावं लागतं. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतं म्हणून त्यांनी ते बाथरूममध्ये नेऊन टांगलं. तेव्हापासून किती वाजले असं विचारलं की ताई उठून बाथरूममध्ये डोकावून येते. स्वतः भावोजी मात्र ऐरोलीतल्या माणसाला फोन न लावताही ऐकू जाईल अशा आवाजात बोलतात. तो आवाज त्यांनी घरातला धरलेला नाही.

आणखी एक गंमत. माणसांशी ते अगदी स्वच्छ, पुस्तकी मराठी बोलतात, पण यंत्रांशी मालवणी. गाव सुटून दोन पिढ्या झाल्या, आई होती तोवर घरात मालवणी कानावर पडायची, आता त्यांच्या तोंडून ती फक्त मिक्सर, फ्रिज आणि कॉम्प्युटर यांच्या वाट्याला येते. "मेल्या, गप रव!" असं ते फ्रिजला म्हणताना मी स्वतः ऐकलंय. फ्रिज घाबरून थोडा वेळ बंदही झाला होता.

रेशनिंगच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यावर हा आवाज वाया जाऊ नये म्हणून भावोजी एका संस्थेत गेले. ती संस्था अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून, ध्वनिमुद्रित करून देते. तिथल्या बाईंना भावोजींचा आवाज आवडला. नालासोपाऱ्याची एक मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, तिला राज्यशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक परीक्षेआधी हवं होतं. भावोजींनी शब्द दिला. घरी आल्या आल्या त्यांनी कॉम्प्युटरला माईक जोडला आणि 'राज्यपालाचे अधिकार' हा धडा असा वाचला, की जणू राज्यपाल घोड्यावर बसून किल्ल्याच्या दारात उभा आहे. मी म्हटलं, "भावोजी, मोबाईलवर करा ना, सोपं पडेल." ते म्हणाले, "वंदू, मोबाईलवर वाचलेलं पुस्तक म्हणजे उभ्याने जेवलेलं जेवण. अंगाला लागत नाही."

वाचनाची वेळ ठरलेली होती, दुपारी दोन ते चार. त्या वेळात सोसायटीच्या आवारात ठोकाठोक, ड्रिल, फर्निचरचं काम काहीही करायचं नाही असा नियम आहे, आणि समोरच्या टॉवरवाल्यालाही आमच्या भावोजींनी कमिटीतर्फे जाऊन तो मान्य करायला लावला होता. त्यामुळे मुलुंडच्या त्या कोपऱ्यात दिवसाकाठी तेवढेच दोन तास शांततेचे. त्याच दोन तासांत ताई आत बेडरूममध्ये आडवी व्हायची आणि हे हॉलमध्ये राज्यशास्त्र वाचायचे. पहिली फाईल पाठवली. बाईंचा फोन आला. "सर, वाचन फारच सुंदर आहे हो. फक्त मागे एक घरघर येते. कॉम्प्युटरचा पंखा असेल. तेवढं बघाल का?"

बाईंनी एवढंच म्हटलं. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, कोणाला म्हटलं ते.

भावोजींनी कॉम्प्युटरचा डबा उघडला. आत शेंगदाण्याच्या कुटासारखी धूळ निघाली. ताई ज्या ब्रशने इडलीपात्राला तेल लावते त्या ब्रशने त्यांनी ती साफ केली. मग पंख्याला शिलाई मशीनचं तेल पाजलं. पंखा एक दिवस गप्प राहिला आणि दुसऱ्या दिवशी त्याने ते तेल भिंतीवर नक्षी काढल्यासारखं उडवलं. डब्याखाली स्लिपरांचे तुकडे आले. त्यानंतर डबा गादीवर ठेवला, तर तो गरम होऊन बंद पडला. भावोजींनी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि ताईकडे बर्फाची पिशवी मागितली. ताई म्हणाली, "अहो, करंट लागेल! ताप माणसाला येतो, डब्याला नाही." शेवटी त्यांनी शोध लावला की घरघर डब्यात नाहीच, ती जमिनीत उतरते आणि जमीन ती घरभर पसरवते. तेव्हा डबा जमिनीपासून तोडला पाहिजे, म्हणजेच टांगला पाहिजे.

हॉलच्या छताला कडी होती. माझ्या भाचीच्या वेळी पाळण्यासाठी बसवलेली. भाची आता बंगळुरूला नोकरी करते, पण पाळणा माळ्यावर जपून ठेवलेला. तो खाली आला, पुसला गेला, टांगला गेला. ताई कासावीस झाली. "रिकामा पाळणा टांगू नये हो, हलवू नये, बरं नसतं." भावोजींनी आत दुपट्याची घडी घातली, तिच्यावर कॉम्प्युटर निजवला आणि म्हणाले, "रिकामा कुठे आहे?"

आता पुढचं जे झालं त्यात भावोजींचा काही दोष नाही. समोरच्या ब्लॉकमधल्या कोकिळाबेन दुपारी दारातून जात होत्या. जाळीच्या दारातून त्यांना काय दिसलं, तर पाळणा, पाळण्यात दुपटं, आणि पाळण्याकडे तोंड करून भावोजी लयीत काहीतरी म्हणतायत. ते संसदेची कार्यपद्धती म्हणत होते, पण कोकिळाबेनना वाटलं अंगाई. त्यांनी विंगभर सांगितलं. दुसऱ्या दिवशी चार बायका टोपडं, झबलं आणि साखरेची पुडी घेऊन हजर. "काय ताई, मुलगी बाळंतपणाला आली, आम्हाला सांगितला पण नाय?" असं म्हणत कोकिळाबेन आत शिरल्या. ताई झोपेतून उठून केस बांधत बाहेर येईपर्यंत सगळ्यांनी पाळण्यात वाकून पाहिलं होतं. आत काळा डबा, आणि त्याचा एक लाल दिवा लुकलुकत होता. मग त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्क बाई सावरून म्हणाल्या, "बापावर गेलाय." ते टोपडं भावोजींनी परत दिलं नाही. ते माईकच्या तोंडावर अगदी बरोबर बसलं.

त्या आठवड्याची फाईल ऐकून बाई म्हणाल्या, "सर, शेवटच्या धड्यात घरघर अजिबात नाही! पण आता कुरकुर येते. आणि आधीच्या धड्यांत घरघर आहेच. मुलगी म्हणते, ऐकायला बसलं की झोप येते." कुरकुर पाळण्याची होती, हे उघड होतं. पाळणा परत माळ्यावर गेला. मात्र तेव्हापासून भावोजी थोडे गप्प गप्प दिसायला लागले, आणि मला वाटलं, दमले असतील.

यानंतर कपाट आलं. बेडरूम आणि हॉल यांच्यामधल्या पॅसेजमध्ये भिंतीत एक मोठं लाकडी कपाट आहे. भावोजींनी त्यातल्या ताईच्या साड्या बाहेर काढल्या, आतले कप्पे काढले आणि आतून चारही बाजूंनी गोधड्या ठोकल्या. ताईने मला फोन केला. "वंदू, माझी पैठणी खाटेखालच्या ट्रंकेत आणि तो डबा कपाटात! उद्या मला माळ्यावर ठेवतील." मी म्हटलं, "तू बोलत का नाहीस?" तर म्हणाली, "जाऊ दे गं. त्या पोरीची परीक्षा आलीये. रोज त्या बाई काय म्हणाल्या ते मी विचारते आणि यांचा चेहरा पडतो. बघवत नाही."

हे ऐकल्यावर मी यादी केली. फ्रिज, लिफ्ट, पाण्याचा पंप, वरच्यांचा एसी, मीटरबॉक्स. एका सुट्टीच्या दुपारी ती यादी घेऊन मी मुलुंडला पोचले. ताई जेवण आवरून आत आडवी झाली. भावोजी टोपडं घातलेल्या माईकसमोर बसले होते, कॉम्प्युटर कपाटात, वायरी दाराच्या फटीतून बाहेर. मी नीट ऐकलं. घरघर होतीच. मी फ्रिज बंद केला, घरघर चालू. पंप बंद होता, लिफ्ट खाली उभी होती. यादीतल्या एकेका नावावर काट मारत शेवटी मी सरळ कपाटात हात घालून कॉम्प्युटरच बंद केला.

घरघर चालू होती. चांगली लयीत, मध्ये थोडं थांबून परत वर चढणारी. मी बेडरूमच्या उघड्या दाराकडे पाहिलं आणि मग भावोजींकडे. त्यांना काहीच आश्चर्य वाटलेलं नव्हतं. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

"तुम्हाला माहीत होतं?" मी कुजबुजले.

"त्या बायका टोपडं घेऊन आल्या ना, त्या दिवशी कळलं," ते म्हणाले. भावोजींना कुजबुजता येतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. "ही उठून बसली होती. त्या गेल्यावर मी वाचलं ते बिनघरघरीचं निघालं."

"मग सांगायचं नाही का तिला? निदान दार तरी लावून घ्या."

"दार लावलं की तिला जाग येते. माझ्या आईच्या आजारपणात ही वर्षानुवर्षं दार उघडं ठेवून, एक कान बाहेर ठेवून झोपली. आई गेली, हिची जाग काही गेली नाही. रात्री टक्क उघडे डोळे असतात. दुपारची ही एवढीच झोप. घोरतेस म्हटलं तर उद्यापासून ती डोळा मिटणार नाही. तुला तुझी बहीण माहीत आहे."

मला माहीत होती. सुई पडली तरी मला जाग येते, असं ताई प्रत्येक लग्नकार्यात चारचौघांत सांगते, आणि घोरण्याबद्दल भावोजींची यथेच्छ टिंगल करते.

"आणि मग ह्या गोधड्या? हे कपाट?"

"बाई विचारतात, घरघर कशाची. ही विचारते, बाई काय म्हणाल्या. कोणाचं तरी नाव घ्यायला हवं ना?" त्यांनी कपाटात हात घालून डब्यावर थोपटलं. "याचं घेतलं. हा बिचारा काही बोलत नाही."

"पण त्या मुलीचं पुस्तक?"

"हिचा डोळा लागायच्या आधी थोडं वाचतो, उठायच्या वेळेला थोडं. अर्धं झालंय," ते म्हणाले, पण परीक्षेचं गणित त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी सुचवलं, ताईला दुपारची माझ्याकडे पाठवा. ते म्हणाले, तिला दुसऱ्याच्या घरी झोप लागत नाही. एवढ्यात आतली घरघर अडखळली आणि थांबली. ताईचा आवाज आला, "काय गं, लाईट गेले का?" मी घाईघाईने कॉम्प्युटर पुन्हा चालू केला आणि नाही म्हणून सांगितलं. तिला लाईट गेल्यासारखं का वाटलं, याचा विचार त्या वेळी आम्हा दोघांपैकी कोणीच केला नाही.

भाचीला यातलं काही माहीत नव्हतं. बाबांना कॉम्प्युटरच्या आवाजाचा त्रास होतो एवढंच तिच्या कानावर होतं. तिने बाबांच्या वाढदिवसाला एक नवीन कॉम्प्युटर पाठवला. मिठाईच्या बॉक्सएवढा, आणि आत पंखाच नाही. हात लावून पाहिल्याशिवाय चालू आहे की बंद ते कळणार नाही असा. भावोजींनी त्याला मालवणीत काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं, म्हणण्यासारखं काही नव्हतंच. जुना डबा माळ्यावर, पाळण्याशेजारी गेला. आणि त्या दिवसापासून चमत्कार झाला. पंखा नाही, घरघर नाही, काही नाही. भावोजी सलग धडेच्या धडे वाचू लागले. बाई फोनवर म्हणाल्या, "सर, आता कसं! अशी चाल राहिली तर पुस्तक वेळेवर होईल."

मलाही आधी आनंद झाला. मग ताईचा फोन आला. "दुपारी डोळाच लागत नाही गं हल्ली. तो यांचा जुना डबा आत घरघरायचा ना, त्याच्यावर मला झोप लागायची. कोणीतरी घरात जागं आहे, आपण झोपलं तरी चालेल, असं काहीतरी वाटायचं. आता एवढं शांत असतं की मी आपली पडून राहते. हलत नाही, उगाच यांच्या वाचनात आवाज नको."

मी हे भावोजींना सांगावं की नाही याचा विचार करत होते, पण त्यांचं त्यांनाच दिसलं. धडा वाचता वाचता पाणी प्यायला ते उठले आणि दारातून सहज आत पाहिलं. ताई उताणी पडलेली, डोळे सताड उघडे. हातातल्या काचेच्या बांगड्या वाजू नयेत म्हणून तिने त्या कोपरापर्यंत चढवल्या होत्या आणि वरून रुमाल घट्ट बांधला होता. भावोजींनी तो धडा तिथेच सोडला, स्टूल घेतलं आणि माळ्यावर चढले.

पुढचे काही दिवस त्यांनी जे केलं ते पाहायला मिळालं नाही, याचं मला वाईट वाटतं. जुना डबा हॉलमध्ये आला, पण इतक्या दिवसांच्या मेहनतीने त्याची घरघर पार मऊ झाली होती आणि कपाटाहून लांब, हॉलमधून ताईला ती ओळखू येईना. तेव्हा भावोजी एकेक स्लिपरचा तुकडा काढत गेले. पंख्याचं तेल पुसलं. एका पात्यात थोडी धूळही परत भरली म्हणतात. "मेल्या, बोल की आता!" असं ते त्याला दटावत होते, हे ताईने मला सांगितलं. ती म्हणाली, "मी विचारलं, अहो, बंद करायचा होता ना हा? तर म्हणाले, त्याला सवय आहे चालायची, बंद पडला तर गंजेल." त्या जुन्या डब्याला आता दुसरं काही काम नाही. फक्त चालू राहायचं.

मी परवा शनिवारी दुपारी गेले. भावोजींनी आधीच बजावलं होतं की बेल वाजवू नकोस, दार लोटलेलं असेल. दार ढकलून आत आले, तर हॉलमध्ये स्टुलावर जुना डबा घरघरत होता. बेडरूममधून ताईची घरघर येत होती, त्याच्यापेक्षा वरच्या पट्टीत आणि जास्त ठाम. भावोजी कुठेच नव्हते. मग पॅसेजमधून, भिंतीच्या आतून आल्यासारखा, दूरचा एक आवाज कानावर आला. सर्वोच्च न्यायालयाची रचना सांगत होता. कपाटात, गोधड्यांच्या मधोमध, तळाशी पाय दुमडून भावोजी बसले होते. मांडीवर तो मिठाईच्या बॉक्सएवढा कॉम्प्युटर, गुडघ्यावर पुस्तक आणि टॉर्च, हातात टोपडं घातलेला माईक, गळ्यात टॉवेल. घामाने निथळत होते.

पुस्तक होत आलंय. बाईंनी विचारलं म्हणे, "सर, एवढं स्वच्छ येतंय, स्टुडिओत जाता का?" भावोजी म्हणाले, "हो. घरचाच आहे." चहाच्या वेळी ताई मला बाजूला घेऊन म्हणाली, "हे हल्ली कपाटात बसतात. मी काही विचारत नाही. रिटायर झालेल्या माणसाला काहीतरी लागतंच गं." तिचा चेहरा झोप झालेल्या माणसाचा, टवटवीत होता. माझ्या पिशवीत याही वेळी यादी होती, आणि तिच्यात दोन उपाय खरोखर चांगले होते. मी ती काढलीच नाही.

कारण तासभर मी हॉलमध्ये बसून पाहिलं होतं. एक धडा संपला की कपाटाचं दार आतून बोटभर उघडायचं. भावोजींचा घामेजलेला कान तेवढा बाहेर यायचा आणि बेडरूमच्या दिशेने वळायचा. आत घरघर नीट चालू आहे ना, हे तो कान क्षणभर ऐकायचा. मग दार पुन्हा मिटायचं, आणि भिंतीच्या आत पुढचा धडा सुरू व्हायचा.